गुप्तवार्ता, गृहीतके आणि उत्तरदायित्व : कारगिल पुनरावलोकन समितीच्या अहवालाचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

३ मे १९९९ रोजी बटालिक क्षेत्रातील डोंगरावर काही अनोळखी माणसे हालचाल करीत असल्याचे मेंढपाळांनी पाहिले आणि ही बातमी भारतीय लष्कराला दिली. कारगिल युद्धाची हकिकत बहुधा येथून सुरू होते. हरवलेल्या याकचा शोध घेणारे ताशी नामग्याल यांचे नाव या संदर्भात सर्वपरिचित आहे. कर्मधर्मसंयोगाने एका गुराख्याला जे दिसले, ते देशाच्या गुप्तवार्ता यंत्रणांना दिसले नाही, असे या हकिकतीचे लोकप्रिय तात्पर्य आहे.

कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल मात्र या प्रसंगाची नोंद थोड्या वेगळ्या रीतीने करतो. ज्या मेंढपाळांना घुसखोरी प्रथम दिसली, त्यांचा उपयोग कारगिल येथील ब्रिगेडचे गुप्तवार्ता पथक अधूनमधून करीत असे, असे अहवालात म्हटले आहे. म्हणजे ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हती. गुप्तवार्तेच्या उतरंडीतील सर्वांत खालची, सर्वांत स्वस्त पायरी त्या दिवशी आपले काम करीत होती. मग वरच्या पायऱ्यांवर काय घडले, हा प्रश्न उपस्थित होतो. २६ जुलै १९९९ रोजी युद्ध संपले तेव्हा अधिकृत आकडेवारीनुसार भारताचे ५२७ अधिकारी व जवान धारातीर्थी पडले होते. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रशासकीय राहत नाही.

प्रस्तुत लेखात या अहवालाचे एक दस्तऐवज म्हणून वाचन केले आहे. अहवालाने कोणते पुरावे मांडले, त्यांतून कोणते निष्कर्ष काढले आणि पुरावे व निष्कर्ष यांच्यात कोठे अंतर राहिले, हे तपासणे हा त्याचा उद्देश आहे. अहवालाच्या प्रसिद्ध आवृत्तीतून सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग, विशेषतः गुप्तवार्तेसंबंधीचा मजकूर, वगळण्यात आला होता. प्रस्तुत विवेचन उपलब्ध मजकुरापुरतेच मर्यादित आहे.

समिती व तिची कार्यकक्षा

युद्ध संपल्यानंतर तीनच दिवसांनी, २९ जुलै १९९९ रोजी, केंद्र शासनाने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. लेफ्टनंट जनरल के. के. हजारी व ज्येष्ठ पत्रकार बी. जी. व्हर्गीस हे सदस्य होते, तर सतीश चंद्र हे सदस्य-सचिव होते. घुसखोरीस कारणीभूत ठरलेल्या घटनाक्रमाचा आढावा घेणे आणि भविष्यात अशा सशस्त्र घुसखोरीपासून देशाचे रक्षण करण्यासाठी उपाय सुचविणे, अशी दुहेरी कामगिरी समितीकडे सोपविण्यात आली होती. २३ फेब्रुवारी २००० रोजी अहवाल संसदेपुढे ठेवण्यात आला. पुढे तो पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाला.

या अहवालाचे महत्त्व निर्विवाद आहे. १९६२ च्या पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल शासनाने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्या पार्श्वभूमीवर युद्धानंतर सातच महिन्यांत असा दस्तऐवज नागरिकांच्या हाती येणे ही भारतीय लोकशाहीच्या इतिहासातील दुर्मीळ घटना होय. परंतु समितीच्या रचनेतील एक बाब दुर्लक्षिता येत नाही. अध्यक्ष त्या वेळी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक होते आणि सदस्य-सचिव हे राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाचे सचिव होते. ज्या व्यवस्थेचे परीक्षण करावयाचे, त्याच व्यवस्थेतील जबाबदार व्यक्तींकडे ते काम होते. यामुळे त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र अहवालाची भाषा वाचताना ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी लागते.

सैद्धांतिक भूमिका

माहिती, हेरगिरी आणि गुप्तवार्ता हे शब्द आपल्याकडे पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक हेरगिरी हे माहिती मिळविण्याचे एक साधन आहे. मिळालेल्या माहितीची छाननी होऊन, तिचा अर्थ लावला जाऊन ती निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत पोहोचते, तेव्हाच तिला गुप्तवार्तेचे रूप येते. आधुनिक युद्धात उपग्रह, मानवरहित विमाने व संदेशग्रहण यांमुळे माहितीचा साठा अफाट वाढला. परंतु अर्थ लावणारी बुद्धी माणसाचीच राहिली.

रॉबर्टा वोलस्टेटर यांनी पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा अभ्यास करणाऱ्या १९६२ मधील आपल्या ग्रंथात ‘संकेत’ आणि ‘गोंगाट’ असा भेद केला. हल्ल्यापूर्वी संकेत उपलब्ध होते. परंतु ते परस्परविरोधी माहितीच्या गोंगाटात दडले होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या परंपरेत कौटिल्याने याच समस्येचा वेगळ्या अंगाने विचार केला. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांची नेमणूक व त्यांचे कार्य यांचे विवेचन येते. हेरांनी एकमेकांना ओळखू नये आणि तीन वेगवेगळ्या मार्गांनी आलेले वृत्त जुळल्यासच त्यावर विश्वास ठेवावा, असा दंडक तेथे घालून दिला आहे. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे हे विवेचन अभ्यासकांना सहज उपलब्ध झाले आहे. कौटिल्याच्या या दंडकात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : तिन्ही वृत्ते ताडून पाहणारी एक जागा असली पाहिजे. कारगिलच्या संदर्भात नेमका हाच मुद्दा कळीचा ठरतो.

अहवालातील पुरावे

समितीने मांडलेल्या पुराव्यांपैकी पुढील चार बाबी विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली बाब एका पत्राची. कारगिलसमोरील पाकव्याप्त भागातील हालचालींविषयी गुप्तवार्ता विभागाला, म्हणजे इंटेलिजन्स ब्यूरोला, काही माहिती मिळाली. ती इतकी महत्त्वाची वाटली की, विभागाच्या संचालकांनी २ जून १९९८ रोजी स्वतःच्या स्वाक्षरीने ती कळविली. हे पत्र पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्करी कार्यवाही महासंचालक यांना गेले. मात्र परदेशी गुप्तवार्तेची जबाबदारी असलेल्या ‘रॉ’चे सचिव, सर्व वृत्तांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक या तिघांना ते पाठविले गेले नाही. ज्यांना त्या माहितीचा पाठपुरावा करता आला असता, नेमके तेच पत्राच्या यादीत नव्हते.

दुसरी बाब ‘रॉ’च्या सहामाही अहवालांची. सप्टेंबर १९९८ अखेरच्या अहवालात पाकिस्तानकडून मर्यादित व जलद आक्रमणाची शक्यता नाकारता येत नाही, असे मूल्यमापन होते. मार्च १९९९ च्या अहवालातून ते गळाले. उलट, आर्थिक अडचणींमुळे पाकिस्तान असे साहस करणार नाही, यावर त्यात भर देण्यात आला. दरम्यान २१ फेब्रुवारी १९९९ रोजी लाहोर घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या झालेल्या होत्या.

तिसरी बाब तुकड्यांच्या ओळखीची. १९९८ मध्ये कारगिलसमोरील भागात कोणत्या बटालियन आल्या व कोणत्या गेल्या, याची अचूक माहिती नसणे ही समितीच्या मते गुप्तवार्तेतील सर्वांत गंभीर त्रुटी होती. युद्ध सुरू झाल्यानंतरही घुसखोर प्रामुख्याने अतिरेकी आहेत की नियमित सैनिक, याविषयी संभ्रम राहिला. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी २००६ मधील आपल्या पुस्तकात याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली आहे. स्वतः जनरल मलिक मे महिन्याच्या मध्यास परदेश दौऱ्यावर होते, यावरूनही आरंभी परिस्थितीचे गांभीर्य किती कमी जाणवले होते, हे लक्षात येते.

चौथी बाब सर्वांत कमी चर्चिली गेली आहे. नियंत्रण रेषेपलीकडे दारूगोळा साठविला जात आहे, जमिनीखाली बंकर बांधले जात आहेत, असे वृत्त होते. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येत होता : एक तर भारतीय तोफांच्या माऱ्यापासून बचाव, नाही तर आक्रमणाची तयारी. यांपैकी खरे कोणते, हे ठरविण्यासाठी भारतीय तोफखान्याने आधी किती मारा केला व त्याचा परिणाम काय झाला, हे माहीत असणे आवश्यक होते. लष्कराने ही माहिती ‘रॉ’ला दिलेली नव्हती. समितीने हे स्पष्टपणे नोंदविले आहे. शत्रूच्या कृतीचा अर्थ आपल्या स्वतःच्या कृतीच्या संदर्भाशिवाय लावता येत नाही. शत्रूविषयीची माहिती आपल्याजवळ होती. आपल्याविषयीची माहिती मात्र आपल्याच दुसऱ्या कार्यालयात अडकून पडली होती.

चिकित्सा : पुरावे आणि निष्कर्ष यांतील अंतर

हे चारही पुरावे एकत्र ठेवले असता असे दिसते की, त्यांपैकी तिसरा तेवढा माहितीच्या अभावाचा आहे. उरलेले तीन पुरावे माहिती असूनही तिचा अर्थ न लागल्याचे, किंवा आधी लागलेला अर्थ पुसला गेल्याचे आहेत. तरीही अहवालाच्या शिफारशींचा कल साधनांकडे व संस्थांकडे अधिक झुकलेला आहे. स्वदेशी उपग्रह-छायाचित्रण, मानवरहित विमाने, संदेशग्रहणासाठी स्वतंत्र संस्था, संरक्षण गुप्तवार्तेची नवी यंत्रणा यांची गरज समितीने मांडली. मानवी, तांत्रिक व छायाचित्रीय अशी सर्व साधने एकाच संस्थेच्या हाती असणे हिताचे नाही, हे तिचे मत कौटिल्याच्या दंडकाशी जुळणारे आहे. परंतु साधने व संस्था वाढविल्या म्हणजे वृत्ते ताडून पाहणारी जागा आपोआप निर्माण होते, असे नव्हे. संस्था वाढल्या की पत्राच्या यादीतून गळू शकणारी नावेही वाढतात.

दुसरा मुद्दा गृहीतकांचा. कारगिलच्या उंच, बर्फाच्छादित व दुर्गम प्रदेशात हिवाळ्यात मोठी घुसखोरी करणे व ती टिकविणे शक्य नाही, ही लष्करी विचारातील दृढ समजूत होती. हिवाळी हवाई टेहळणीची उड्डाणे होत होती. पण त्यांच्या मर्यादा अहवालातच नमूद आहेत. ज्या ठिकाणी कोणी असणारच नाही असे आधीच ठरले आहे, तेथे शोधणाऱ्याची नजरही सैल होते. काओबल गलीपासून चोरबत ला पर्यंतच्या १६८ किलोमीटरच्या पट्ट्यात हिवाळ्यातही ठाणी राखली असती तर कदाचित ही परिस्थिती टळली असती, असे समिती म्हणते. पण निर्जन प्रदेशासाठी एवढे सैन्य विखुरणे परवडणारे नव्हते, असेही लगेच सांगते. हा युक्तिवाद सयुक्तिक आहे. परंतु सर्वत्र ठाणी शक्य नसतील, तर गुप्तवार्तेवरील भिस्त तितकीच वाढते आणि तिच्यामागील गृहीतक तपासण्याची जबाबदारीही वाढते. अहवालात भूप्रदेशाविषयीची ही समजूत अनेक कारणांपैकी एक म्हणून येते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिला केंद्रस्थान मिळावयास हवे होते. कारण इतर कारणांना तीच जोडणारी आहे.

तिसरा मुद्दा भाषेचा. अहवालातील वाक्ये पुष्कळदा कर्त्याविना उभी राहतात. पत्र पाठविले गेले नाही, माहिती दिली गेली नाही, मूल्यमापन वगळले गेले, अशी रचना वारंवार आढळते. दोषनिश्चिती ही आपली कार्यकक्षा नाही, असे समितीने मानले आणि तिच्या मर्यादेत ते योग्यही होते. तथापि मार्च १९९९ च्या अहवालातून ते मूल्यमापन कोणत्या नव्या पुराव्याच्या आधारे वगळले गेले, हे विचारण्यासाठी कोणाला दोषी ठरविण्याची आवश्यकता नव्हती. कर्मणी प्रयोगाने केवळ व्यक्ती झाकल्या गेल्या नाहीत. निर्णयाची प्रक्रियाही झाकली गेली.

तुलना : आग्रानात आयोग

दोषनिश्चिती केली असती तर प्रश्न सुटला असता काय? याचे उत्तर शोधण्यासाठी इस्राएलचे उदाहरण उपयुक्त ठरते. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त व सीरिया यांनी केलेल्या अनपेक्षित हल्ल्यानंतर इस्राएलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष शिमोन आग्रानात यांचा आयोग नेमला गेला. पुरेशी लांब पल्ल्याची हवाई शक्ती हाती आल्याशिवाय इजिप्त युद्ध पुकारणार नाही आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही, या ठाम समजुतीला आयोगाने अपयशाचे मूळ मानले. दक्षिण विभागातील बिन्यामिन सिमान-तोव या कनिष्ठ अधिकाऱ्याने इजिप्तचा लष्करी सराव हा युद्धाच्या तयारीवरील पडदा आहे, असे १ व ३ ऑक्टोबर रोजी लेखी कळविले होते. वरिष्ठांनी ते पुढे पाठविले नाही.

आयोगाने एप्रिल १९७४ मध्ये सरसेनापती डेव्हिड एलाझार व लष्करी गुप्तवार्ताप्रमुख एली झेइरा यांना पदावरून दूर करण्याची शिफारस केली; राजकीय नेतृत्वाच्या उत्तरदायित्वाविषयी मात्र निर्णय देण्याचे टाळले. यावर जनक्षोभ उसळला आणि पंतप्रधान गोल्डा मेयर यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे लष्करी गुप्तवार्ता विभागात मुद्दाम विरोधी मत मांडणारा गटही स्थापन झाला. तरीही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, जवळपास अर्ध्या शतकानंतर, गाझाच्या सीमेवर पुन्हा तसेच घडले. कॅमेरे, संवेदक व संदेशग्रहण यांची दाट जाळी तेथे होती. हमासला मोठे युद्ध नको आहे, ही समजूत त्या जाळीहून बळकट ठरली.

आग्रानात आयोगाने गृहीतकाचे अचूक निदान केले, पण उपाय प्रामुख्याने व्यक्तींवर केला. कारगिल समितीने व्यक्ती टाळून यंत्रणेवर भर दिला, पण गृहीतकाला दुय्यम मानले. दोन्ही मार्ग अपुरे ठरले.

युद्धकाळातील यश आणि त्याची किंमत

गुप्तवार्तेची भूमिका पूर्वसूचनेपुरती मर्यादित नसते, हेही कारगिलने दाखवून दिले. २६ व २९ मे १९९९ रोजी बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानी लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ आणि रावळपिंडीतील लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीझ यांच्यात झालेली दूरध्वनी संभाषणे भारताने ध्वनिमुद्रित केली. या मोहिमेशी पाकिस्तानी लष्कराचा थेट संबंध त्यातून उघड झाला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत येण्याच्या आदल्या दिवशी, ११ जून रोजी, ही संभाषणे प्रसिद्ध करण्यात आली. घुसखोर हे स्वातंत्र्यसैनिक असल्याचा पाकिस्तानचा दावा त्यामुळे दुबळा झाला आणि भारताच्या राजनैतिक भूमिकेला बळ मिळाले.

मात्र संभाषण प्रसिद्ध करणे म्हणजे ते कोठून ऐकले याची शत्रूला चाहूल देणे होय. या निर्णयावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये मतभेद झाले. गुपित वापरले की ते गुपित राहत नाही. न वापरले तर त्याचा उपयोग काय, हा पेच हेरगिरीइतकाच जुना आहे. येथेही निर्णायक ठरले ते यंत्र नव्हे, तर माहिती केव्हा व कोणापुढे ठेवावी याविषयीचा विवेक.

अहवालानंतर

अहवालानंतर एप्रिल २००० मध्ये मंत्रिगट नेमला गेला आणि त्याच्या साहाय्यासाठी चार कृतिगट स्थापन झाले. गुप्तवार्तेचा गट गिरीश चंद्र सक्सेना यांच्याकडे, तर सीमाव्यवस्थापनाचा गट माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्याकडे होता. यांतून २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि २००४ मध्ये राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना आकारास आली. वृत्तांची देवाणघेवाण व्हावी म्हणून बहुसंस्था केंद्रही स्थापन झाले. तिन्ही दलांच्या एकत्रित प्रमुखाचे पद प्रत्यक्षात येण्यास २०२० उजाडले.

परंतु २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला, तेव्हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात समोर आला. समुद्रमार्गे येणाऱ्या दहशतवाद्यांविषयी व मोठ्या हॉटेलांना असलेल्या धोक्याविषयी इशारे पूर्वीच येऊन गेले होते. ते निरनिराळ्या कार्यालयांतून फिरले. त्यांची एकत्र जुळणी होऊन कृती झाली नाही. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीलाही इशाऱ्यांच्या या प्रवासाचा विचार करावा लागला. युद्ध आणि दहशतवादी हल्ला यांत फरक आहे, हे मान्य; परंतु २ जून १९९८ च्या पत्राची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

निष्कर्ष

घटना घडून गेल्यावर संकेत स्पष्ट दिसू लागतात, हा पश्चात्बुद्धीचा दोष प्रस्तुत विवेचनासही लागू होऊ शकतो. गुप्तवार्तेतील अपयश संपूर्णपणे टाळता येत नाही, असे रिचर्ड बेट्स यांनी १९७८ मध्येच प्रतिपादन केले आहे. तथापि अपयश अटळ असणे आणि त्यापासून न शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वरील चर्चेवरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) कारगिलमधील अपयश केवळ माहितीच्या अभावाचे नव्हते. अहवालातीलच पुराव्यांनुसार ते मुख्यतः माहितीच्या मार्गाचे व तिच्या अर्थनिर्णयाचे अपयश होते.

२) कोणतेही मूल्यमापन बदलताना किंवा वगळताना त्याची कारणे व विरोधी मत लेखी नोंदविण्याची पद्धत, नव्या साधनांइतकीच आवश्यक आहे.

३) शत्रूच्या हालचालींचा अर्थ लावणाऱ्यांना स्वतःच्या सैन्याच्या कृतींची माहिती मिळालीच पाहिजे.

४) ‘रॉ’ची स्थापना १९६८ मध्ये प्रशासकीय आदेशाने झाली, संसदेच्या कायद्याने नव्हे. गुप्तवार्ता संस्थांवर कायद्याधिष्ठित संसदीय देखरेख असावी यासाठी २०११ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले गेले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. बाहेरून प्रश्न विचारणारे कोणी नसेल, तर आतील गृहीतके तशीच राहतात.

पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या अहवालाच्या इंग्रजी शीर्षकात आश्चर्यापासून हिशेबापर्यंतच्या प्रवासाचा निर्देश आहे. अहवालाने आश्चर्याची नोंद प्रामाणिकपणे व तपशिलाने केली. हिशेब मात्र यंत्रणा आणि साधने यांच्या यादीत अर्धाच राहिला. बटालिकच्या डोंगरावर मेंढपाळांनी जे पाहिले, ते त्यांनी त्याच दिवशी योग्य माणसाला सांगितले. एवढी साधी गोष्ट वरच्या पायऱ्यांवर का होऊ शकली नाही, हा प्रश्न अहवालाच्या वाचकाने आजही विचारीत राहिला पाहिजे.